मुद्रा : ऐट की अट?

भिलाईत सुपेल्याच्या चौकात सिग्नलला पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की एखाद-दुसरा सिंह दिसतोच. कुठे गाडीच्या पुढच्या काचेवर, कुठे बोनेटवर, कुठे कुणा 'माजी' अमुकतमुकाच्या नंबरप्लेटवर. परवा नागपूर पासिंगची एक गाडी दिसली. काचेवर तीन सिंह, त्याच्या शेजारी शिवमुद्रेचं अष्टकोनी स्टिकर. सिंहांच्या खाली 'सत्यमेव जयते' नव्हतं. मुद्रेतली अक्षरं इतकी पुसट छापलेली की वाचायची सोय नव्हती. दिवा लाल असतानाच ती गाडी निघून गेली आणि चौकातल्या शिपायाने तिला सलाम केला.

त्या गाडीवाल्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आपल्या सगळ्यांच्या एका समजुतीशी. मुद्रा, राजचिन्ह, बोधचिन्ह, काहीही म्हणा, ते म्हणजे सत्तेची ऐट, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं उलट आहे. मुद्रा ही सत्तेवर घातलेली अट असते, आणि ती अट चित्रात कमी, अक्षरांत जास्त असते. म्हणूनच ऐट मिरवणारा पहिल्यांदा अक्षरं खोडतो.

११ जुलै २०२२ रोजी नव्या संसद भवनावरच्या सिंहांचं अनावरण झालं. साडेसहा मीटर उंची, ब्राँझचं वजन साडेनऊ हजार किलो. मग वाद पेटला : सिंह शांत आहेत की चिडलेले? दात जास्त दिसतात का? शिल्पकारांमध्ये सुनील देवरे हे मराठी नाव असल्यामुळे आपल्याकडे या वादाला अभिमानाची फोडणीही बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबरअखेर याचिका फेटाळली गेली. सिंहाची बाजू घेणारे आणि सिंहावर टीका करणारे, दोघेही सिंहाच्या तोंडात डोकं घालून बसले होते. त्याच्या डोक्यावर काय होतं आणि पायाशी काय लिहिलं आहे, हा विचार मागेच पडला.

डोक्यावर चाक होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओर्टेल यांच्या उत्खननात सारनाथचं स्तंभशीर्ष सापडलं, तेव्हा त्या मोठ्या धर्मचक्राचे तुकडेही हाती आले. म्हणजे मूळ रचना अशी : खाली उलटं कमळ, त्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह कोरलेली पट्टी, त्यावर पाठीला पाठ लावून उभे चार सिंह, आणि सर्वांत वर चक्र. हे सिंह राजे नव्हते, ते भोई होते. पालखीत बसलेलं होतं ते चाक. बुद्धाला शाक्यसिंह म्हणत आणि त्याच्या उपदेशाला सिंहनाद. चारी दिशांना तोंड केलेल्या त्या सिंहांनी सांगायचा होता तो धर्म, दाखवायचे नव्हते ते दात. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांच्या मागोमाग ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांच्या घरांत हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो समजावावा लागतो आपल्यातल्या बाकीच्यांना.

२६ जानेवारी १९५० रोजी हे चिन्ह स्वीकारताना कमळ गाळलं गेलं. वरचं मोठं चक्र तर आधीच भंगलेलं होतं. पट्टीवरचं छोटं चक्र मधोमध राहिलं, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. पण एक भर पडली : मुंडकोपनिषदातले दोन शब्द खाली आले. डोक्यावरचं ओझं गेलं, ते पायाखाली ब्रीद होऊन परत आलं. संविधानाच्या पानासाठी हे सिंह रेखाटणारे दीनानाथ भार्गव आपल्या शेजारच्या बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. त्या चित्रात सिंह आणि शब्द एकत्रच आहेत. शब्द काढले तर उरतं ते सर्कशीचं पोस्टर.

आता शिवमुद्रा. आपल्या मुलांच्या टी-शर्टवर, अंगठीत, मोबाइलच्या कव्हरवर ती आहे. अर्थ विचारा; प्रतिपदेच्या चंद्राची उपमा बहुतेकांना आठवते, शेवटाकडचा एक शब्द आठवत नाही : 'भद्राय', म्हणजे कल्याणासाठी. ही मुद्रा शोभते ती लोकांच्या कल्याणासाठी, असं ती स्वतःच सांगते. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती. मुलाची संस्कृतात आली आणि सोबत ही अट घेऊन आली. याहून महत्त्वाचा आहे पत्राच्या शेवटी उमटणारा छोटा शिक्का : 'मर्यादेयं विराजते'. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी एक अक्षर घालायचं नाही, हा त्याचा व्यवहारातला उपयोग. ज्या राजाने मर्यादेचाही शिक्का करवला, त्याची मुद्रा काचेवर लावून आपण सिग्नल मोडतो.

इथे छत्तीसगडमध्ये बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आपल्या स्नेहसंमेलनांत कुणी काढत नाही. या राज्याचं स्वतःचं चिन्ह आहे : गोलाकार, कडेने छत्तीस गढ, भाताच्या लोंब्या, विजेची खूण, नद्यांच्या लाटा आणि मध्ये तेच सिंह. ते छत्तीस गढ हैहयवंशी राजांच्या काळातले. ती राजवट मोडली कुणी? १७४१ मध्ये भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली आलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने. बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार करत होते तोवर निदान राज्यकर्ता समोर तरी होता. १७८७ मध्ये ते गेले आणि नागपूरहून सुभेदार येऊ लागले. गढांची जुनी व्यवस्था मोडून परगणे पाडले गेले. नागपूरला मतलब वसुलीशी. म्हणजे या मातीत मराठी शिक्का उमटला तो मुख्यतः सारावसुलीच्या कागदावर. शिवमुद्रेतला 'भद्राय' हा शब्द शिवनाथ नदीपर्यंत पोचला नाही. छत्तीसगढी शेजाऱ्याला आपण आपल्या मुद्रेचा अभिमान सांगतो, तेव्हा त्याच्या आजोबा-पणजोबांनी कोणती मुद्रा पाहिली असेल, हे आपण एकदा तरी मनात आणावं.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं घ्या. १ जुलै १९९२. शंकर गुहा नियोगींची भिलाईतच हत्या होऊन वर्षही झालं नव्हतं. खासगी कारखान्यांतून काढून टाकलेले कामगार कामावर परत घ्या, जगण्यापुरती मजुरी द्या, एवढं मागत पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसले होते. गोळीबार झाला. सोळा कामगार गेले. पोलीस अधीक्षकाच्या खांद्यावर तेच सिंह असतात. कोर्टाच्या निकालपत्रावरही तेच. त्या दिवशी सिंहांचे दात किती दिसत होते, यावर कुणी याचिका केली नाही.

२००५ चा कायदा आणि २००७ चे नियम सांगतात की अधिकार नसलेल्याने राजचिन्ह वापरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. माजी मंत्र्या-खासदारांनाही मनाई आहे. कायदा योग्यच आहे. तो सुपेल्याच्या चौकात कुणी अंमलात आणताना दिसत नाही, हा वेगळा मुद्दा. पण कायद्याने ओळखलेला गैरवापर एकाच दिशेचा आहे : बिगरहक्काने मिरवणं. हक्काने मिरवून ब्रीदाच्या उलट वागणं याला कोणतंही कलम नाही. ते कलम आपल्या जिभेवरच असायला हवं.

कुणी म्हणेल, चिन्हांचा एवढा कीस कशाला, देशाला ताकद दिसली पाहिजे. ताकदीबद्दल भिलाईकराला शिकवू नका. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रबाबूंच्या हस्ते इथली पहिली धमनभट्टी सुरू झाली, तेव्हापासून या गावाची रात्र त्या उजेडात जाते आहे. 'विक्रांत' नौकेसाठी जे पोलाद लागलं, त्यात भिलाईचाही वाटा आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत त्या नौकेच्या कार्यक्रमातच नौदलाचं नवं निशाण फडकलं : शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, त्यात अशोकाचे सिंह, आणि त्यांच्याखाली 'सत्यमेव जयते'. दोन्ही मुद्रा एकाच कापडावर आल्या, आणि शब्द जागेवर राहिले. ताकद अशी दाखवावी, अक्षरं न खोडता.

अशोकाने शिलालेखात आपल्या अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, तरी प्रजेचं काम मला येऊन सांगा. सिंह मिरवणाऱ्यांपैकी किती जणांच्या दारात आज कामगाराला जेवणाच्या वेळी जाता येईल?

सामान्य माणसाला हे चिन्ह हातात धरायला मिळतं ते रुपयाच्या नाण्यावर. तिथे सिंह आहेत आणि खाली ब्रीदही आहे. भिलाईच्या लेबर चौकात संध्याकाळी मजुरी मोजून घेणारी बाई तेच नाणं तळहातावर उलटंपालटं करते. ठरलेली मजुरी पुरी मिळाली की नाही, एवढंच ती बघते. राजमुद्रेचा अर्थ तपासायची याहून चोख रीत मला माहीत नाही.