रील, ‘स्वयम्’ की वर्गातली चर्चा?

‘लेक्चरला बसून काय करू? यूट्यूबवर बघून घेतो ना!’ हे वाक्य आता कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतं. त्याला नियमांचंही पाठबळ मिळालंय. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करण्याची मुभा कॉलेज देऊ शकतं. आधी ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे कुठे काय शिकायचं, हा प्रश्न आता थेट मार्कशीटशी जोडला गेलाय.

सोशल मीडियाचा वेग भारीच. फॉर्मची शेवटची तारीख, नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं ग्रुपवर मिनिटात हजर. पण पुढचा व्हिडीओ कोणता, हे अल्गोरिदम ठरवतो. तुमचा सिलॅबस नाही.

ऑनलाइन कोर्सला निदान शिस्त असते. एनपीटीईएलमध्ये दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. गडचिरोलीतल्या मुलीलाही आयआयटीच्या प्राध्यापकांचं लेक्चर फुकट ऐकता येतं, ही छोटी गोष्ट नाही. अडचण येते ती मध्येच अडल्यावर. व्हिडीओ मागे नेऊन दहादा बघितला, तरी तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो.

वर्गात मात्र ‘सर, हे पटलं नाही’ म्हणता येतं. अर्थात, तिथे नुसतं डिक्टेशन चालत असेल तर घरचा व्हिडीओच बरा!

इथे हार्वर्डमधला २०१९ चा एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. फिजिक्सच्या काही विद्यार्थ्यांना छान, ओघवतं लेक्चर दिलं. काहींना गटात बसून प्रश्न सोडवायला लावले. ‘जास्त समजलं’ असं लेक्चरवाल्यांना वाटलं, पण चाचणीत गटवाले पुढे गेले. मुळात डोक्याला ताण पडला की आपल्याला काही येत नाही, असं वाटतं. शिकणं मात्र तेव्हाच होत असतं. रील बघून ‘समजलं यार’ वाटतं, तेव्हा हे आठवायला हवं.

म्हणून तिघांपैकी एकाची निवड करण्यापेक्षा कामं वाटून द्या. माहितीसाठी ग्रुप, संकल्पनेसाठी कोर्स आणि शंकेसाठी वर्ग. ४० टक्के ऑनलाइन गेले तरी निम्म्याहून जास्त विषय वर्गातच राहतात. तिथे डिक्टेशनऐवजी चर्चा हवी, हे शिक्षकांना सांगायला हरकत नाही. फक्त त्या दिवशी तयारी करून हजर राहावं लागेल!