अठरा वर्षांची वेस

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या ओसरीवर काही मंडळी थांबली होती. वर्तमानपत्रातील एका बातमीवरून बोलणे निघाले. सतरा वर्षांच्या एका मुलाच्या हातून खून झाला होता आणि तो अल्पवयीन असल्यामुळे त्याचे नाव छापलेले नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी गृहस्थ संतापाने म्हणाले, "फादर, बिबट्याचे पिल्लू म्हणून पिंजऱ्याचे दार उघडे ठेवायचे काय? जीव घेण्याइतका जो मोठा झाला, तो तुरुंगात जाण्याइतकाही मोठा झालाच ना? हा कायदाच बदलला पाहिजे."

सर्वांनी माना डोलावल्या. पायरीवर बसलेली एक आजीबाई मात्र गप्प होती. मंडळी पांगल्यावर ती आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "फादर, माझ्या बहिणीचा नातू दोन वर्षे रिमांड होममध्ये होता. परत आला तर गावात कोणी त्याला कामाला लावून घेईना. आता तो कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही."

त्या गृहस्थांचा संताप खोटा नव्हता आणि या आजीबाईचे दुःखही खोटे नव्हते. यास्तव या आठवड्यात या प्रश्नाचा नीट विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. मुलांसाठी निराळे न्यायालय असावे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा स्वतंत्र कायदा १९२४ साली झाला; त्या वेळी आपला बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढे १९८६ साली सर्व देशासाठी बाल न्याय कायदा झाला, त्यात मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा वर्षांची मर्यादा होती. १९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार मान्य केला आणि २००० सालच्या कायद्याने मुलगा असो वा मुलगी, मर्यादा अठरा वर्षांचीच ठरविली. त्या कायद्यानुसार अपराध कितीही घोर असला, तरी मुलास विशेषगृहात अधिकात अधिक तीन वर्षे ठेवता येत असे.

मग १६ डिसेंबर २०१२ ची ती काळरात्र आली. दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुण मुलीवर सहा जणांनी अनन्वित अत्याचार केले. २९ डिसेंबर रोजी ती सिंगापूर येथे मरण पावली. त्या सहांपैकी एकाची अठरा वर्षे पुरी व्हावयास काही महिने उरले होते. त्यास तीन वर्षांची मुदत मिळाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला. ज्यांनी आपली लेक गमावली, त्या मातापित्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना प्रत्येक आईबापाने आपल्या मुलीकडे पाहून करावी. त्याच आठवड्यात, २२ डिसेंबर रोजी, राज्यसभेने नवा कायदा संमत केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो अंमलात आला.

म्हणजे "कायदा बदला" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की कायदा एकदा बदललेला आहे. ज्या अपराधास किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, असा घोर अपराध सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून घडला, तर बाल न्याय मंडळ प्रथम त्याची पारख करते. एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांपैकी निदान एक स्त्री, असे हे मंडळ असते. मुलाची शारीरिक आणि मानसिक कुवत, परिणाम समजण्याची त्याची शक्ती आणि कोणत्या परिस्थितीत अपराध घडला, या गोष्टी मंडळ पाहते. त्याला योग्य वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे जाते आणि तेथे मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. शिक्षा झाली तर एकवीस वर्षांपर्यंत त्यास सुरक्षित स्थळी ठेवावयाचे आणि दरवर्षी त्याच्या प्रगतीचा अहवाल मागवावयाचा. एकवीस पुरी झाल्यावर न्यायालयाने पुन्हा पाहावयाचे, हा तरुण सुधारला आहे काय? सुधारला असेल तर देखरेखीखाली सोडावे. नसेल तर उरलेली शिक्षा त्याने तुरुंगात भोगावी. फाशी मात्र नाही, आणि सुटकेची आशाच उरणार नाही अशी जन्मठेपही नाही.

आमच्या मते या कायद्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट ती एकवीस वर्षांची फेरतपासणी होय. तेथे कायदा नुसते पंचांग पाहत नाही, माणूस पाहतो.

तथापि कायद्यात फटी उरल्या आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाने खून केला, तर आजही तीन वर्षांच्या वर त्यास ठेवता येत नाही आणि मुदत संपली की ती फेरतपासणीही नाही. तसेच ज्या गुन्ह्यास कमाल शिक्षा मोठी पण किमान सात वर्षे सांगितलेली नाही, तो 'घोर' या सदरात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आणि २०२१ च्या दुरुस्तीने तोच अर्थ कायद्यात लिहिला गेला. म्हणून ओसरीवरील गृहस्थांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. समाजाला आपल्या लेकीबाळींचे रक्षण करण्याचा अधिकार आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे. दया ही अपराध्याच्या पदरात टाकताना ती निरपराध्याच्या पदरातून काढून घेतली जाणार नाही, हे पाहिलेच पाहिजे.

मग वयाची मर्यादा सोळावर, चौदावर आणावी काय? येथे आम्ही थबकतो. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. स्त्रियांवरील अत्याचारांसाठी कायदे कडक करा असे सांगणाऱ्या त्या समितीनेसुद्धा वयाची मर्यादा खाली आणू नये असेच मत दिले. अमेरिकेत कित्येक राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात आणि तुरुंगात धाडण्याचा मार्ग चोखाळला. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २००७ साली तज्ज्ञांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की अशा रीतीने धाडलेली मुले सुटल्यावर इतर अपराधी मुलांपेक्षा अधिक हिंसाचार करतात. वाचकहो, हे समजावयास पंडित व्हावे लागत नाही. कोवळे रोप बाभळीच्या वनात लावले, तर त्यावर आंब्याची अपेक्षा कोणी धरावी? मुलगा जन्मभर आत राहणार नसेल, तर तो कोणत्या संगतीतून बाहेर येतो हा आपल्याच सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आणखी एक अडचण आहे. 'धोकादायक' कोण, हे ओळखावे कसे? २०१७ साली हरियाणातील एका शाळेत झालेल्या खुनाच्या प्रकरणात २०२२ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हे पारखण्याचे काम नाजूक असल्याचे सांगून त्यासाठी मार्गदर्शक नियम करावयास सुचविले. सोळा वर्षांच्या मुलाच्या अंतःकरणात काय आहे, हे एका बैठकीत सांगणे मानसशास्त्रज्ञांनाही कठीण. मग ते लोकक्षोभाच्या गोंगाटात कसे कळावे?

या ठिकाणी आमच्या वाचकांना परिचित असलेली एक कथा आठवते. संत मारिया गोरेट्टी हिचे चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९०२ च्या जुलै महिन्यात अकरा वर्षांच्या त्या बालिकेस सुऱ्याने भोसकणारा आलेस्सांद्रो सेरेनेल्ली हा वीस वर्षांचा होता. त्या काळच्या इटलीत सज्ञानतेचे वय एकवीस असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तोही अल्पवयीनच ठरला. त्यास जन्मठेपेऐवजी तीस वर्षांची शिक्षा झाली. पहिली कित्येक वर्षे त्यास पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. पुढे त्याचे हृदय पालटले. सत्तावीस वर्षे भोगून १९२९ साली तो सुटला, मारियाच्या वृद्ध मातेकडे गेला आणि त्याने क्षमा मागितली. तिने ती दिली. कापुचिन मठात बागकाम करीत तो राहिला आणि १९७० साली मरण पावला.

ही कथा सांगून आम्ही वाचकांस एवढेच म्हणणार नाही की, पाहा, क्षमा करा. ती दोन्ही बाजूंस बोलते. तिसऱ्या वर्षी तो सुटला असता, तर तेच कठोर हृदय घेऊन बाहेर पडला असता. आणि सुटकेचे दार कायमचे चिणून टाकले असते, तर त्या आईच्या उंबरठ्यावर तो कधीच उभा राहिला नसता. त्याला बदलावयास वेळ लागला, आणि तो वेळ त्यास कोंडून ठेवूनच मिळाला. ज्याचे मन बदललेले नाही त्यास सोडण्याची घाई नको, हा एक धडा. कोणाचेही मन बदलणारच नाही असे आधी ठरवून टाकू नये, हा दुसरा.

हे तत्त्व ख्रिस्तसभेस नवीन नाही. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०३ साली रोम शहरात सान मिकेले येथे मुलांसाठी स्वतंत्र बंदिगृह उभारण्याची आज्ञा केली. तत्पूर्वी मुलांना प्रौढ कैद्यांबरोबर कोंडीत असत. दुर्जनांस शिक्षेने आवरणे पुरेसे नाही, शिस्तीने त्यांस सज्जन केले पाहिजे, अशा अर्थाचा लेख तेथे कोरला होता. तेथे कोठड्या होत्या आणि शिक्षाही कडक होती. पण मुलांना कामधंदा शिकविला जाई. आज कोणी ती शिस्त मान्य करणार नाही, परंतु त्या लेखातील विचार तीन शतकांनंतरही शिळा झालेला नाही.

मग आमचे मत काय? वयाची वेस आणखी खाली आणू नये. परंतु घोर अपराध केलेल्या कोणत्याही मुलास, मग तो पंधरा वर्षांचा का असेना, केवळ तारीख उगवली म्हणून मोकळे सोडू नये. त्याची तपासणी व्हावी. सुटकेनंतर काही वर्षे परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख त्याच्यावर बंधनकारक असावी. आणि ज्या घरावर आघात झाला, त्या घराला सुटकेची बातमी वर्तमानपत्रातून नव्हे, तर आधी आणि सन्मानाने कळविली जावी. एवढा बदल कायद्यात झाला तर आम्हांस तो न्याय्य वाटेल. यासाठी उंच भिंतींपेक्षा अधिक मानसशास्त्रज्ञ, शिक्षक आणि परिवीक्षा अधिकारी लागतील, आणि त्यासाठी सरकारला पैसा खर्च करावा लागेल.

पण सगळा भार कायद्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. अठरा वर्षे पुरी करून संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणास आर्थिक साहाय्य द्यावे, असे कायदा म्हणतो. काम कोण देणार? शेजारी कोण बसवून घेणार? त्या आजीबाईच्या नातवाला एखाद्या सुताराने हाताशी घेतले असते, एखाद्या दुकानदाराने पोती उचलावयास ठेवले असते, तर आज तो कुठे आहे हे तिला ठाऊक असते.

पुढल्या रविवारी ते शेतकरी गृहस्थ भेटतील, तेव्हा आम्ही त्यांस इतकेच सांगणार आहोत: पिंजऱ्याचे दार कधी उघडावे हे न्यायाधीश ठरवतील, आणि ते डोळे उघडे ठेवून ठरवोत, अशी मागणी आपण अवश्य करू. परंतु ते दार उघडल्यावर जो बाहेर येईल, तो बिबट्या नसून कोणाचा तरी मुलगा असेल, आणि तो कदाचित आपल्याच वाटेने येईल. त्या दिवसाची तयारी आपण आतापासून करावी हे बरे.