चवीला शंभर, पुढे काय?

ताडोबाच्या जंगलाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो. त्यामुळे मोहर्ली, कोलारा, नवेगावकडच्या रिसॉर्टांची नोकरभरती सप्टेंबरात उरकली जाते. माझी उमेदीची वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत गेली, म्हणून ओळखीचे मालक मुलाखतीला शेजारी बसवतात. पगार, सुट्ट्या यात मी पडत नाही. सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा माणूस, निवडायचा असला की मात्र भांडतो.

मालकांचा सगळा भरवसा फूड ट्रायलवर. उमेदवार तीन-चार पदार्थ रांधतो, सगळे बोटं चाटतात, नेमणूक पक्की. पण सू शेफच्या हातचं पाहुण्यांच्या ताटात फार थोडं येतं. येतं ते त्याने दहा-पंधरा जणांकडून करवून घेतलेलं. आणि ही माणसं कोण? तंदूरवर गढवालचा, चायनीजवर ओडिशाचा, चिराचिरीला जवळच्या गावातली पोट्टी, भाकरीला बचत गटातल्या मावश्या. मुलचेऱ्याचा कुणी असला तर घरी बंगाली बोलणारा, सिरोंच्याचा असला तर तेलुगू, भामरागडचा असला तर माडिया. अशा ठिकाणी शहरातून आलेला साहेब फर्मावतो, ‘जुलिएन काट, ब्लांच करके शॉक दे.’ पोट्टा ‘हव जी’ म्हणतो आणि स्टोअररूममध्ये जाऊन नुसता उभा राहतो.

इथे वेळही आपल्या हातात नसते. सकाळची सफारी उजाडताना सुटते, त्याआधी चहा आणि डब्यातला नाश्ता जिप्सीत चढलेला हवा. गाड्या परतल्या की सगळे एकदम भुकेले. दुपारच्या फेरीआधी जेवणं आटोपायची. प्रवेशद्वार वनखात्याचं, ते तुमच्या डाळीसाठी थांबत नाही.

म्हणून ट्रायल मी वेगळी मागतो. उमेदवाराला दोन स्थानिक मदतनीस द्यायचे आणि वीस ताटांचं साधं जेवण सांगायचं: वरण, भात, भाजी, पोळी. भात एचएमटीचाच असू द्या. ते वाण नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागड्यांनी निवडून काढलेलं, याच चंद्रपूर जिल्ह्याचं. काम अर्ध्यावर आलं की दोन निरोप पाठवायचे. एक टेबल जैन आहे. आणि एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे.

इथून पुढे मी ताटाकडे बघत नाही. एक उमेदवार ‘नो पीनट!’ असं साऱ्या स्वयंपाकघराला ओरडून सांगतो आणि निरोप पोचला असं समजतो. दुसरा कुटाचा डबा ओट्यावरून उचलतो, वेगळी कढई आणि वेगळा झारा काढतो, आणि पोट्ट्याला विचारतो, ‘आता तू काय करणार, सांग बरं.’ पन्नाशीच्या बाईंना तो ‘मावशी’ म्हणतो की ‘ए बाई’, हेही मी वहीत टिपतो. मालकांना ते फुटकळ वाटतं. मला नाही वाटत. ‘ए बाई’ ऐकलेल्या मावशी पीठ सैल झालंय हे त्याला सांगायला जाणार नाहीत.

मग उमेदवाराला चहाला पाठवायचं आणि दोन्ही मदतनिसांना वेगवेगळं विचारायचं: त्यानं काय सांगितलं होतं? दोघांची उत्तरं जुळली तर गुण मिळाले. त्याचं स्वतःचं निवेदन ऐकायची मला घाई नसते. नेतृत्वाबद्दल छान बोलणारे भरपूर भेटतात.

वरच्या दिशेचं बोलणंही तपासावं लागतं. मी मुख्य शेफ बनतो आणि म्हणतो, अकरा वाजलेत, चंद्रपूरहून पनीर आलेलं नाही, मला सांगा. बहुतेक जण पुरवठादाराच्या सात पिढ्यांपासून सुरुवात करतात. मला हवं असतं एवढंच: किती ताटं अडतात, आणि त्याऐवजी काय देता येईल.

मालकांच्या मनात मात्र टीव्हीवरचा शिव्या घालणारा शेफ बसलेला असतो. ज्या फ्रेंच शेफ एस्कॉफिएने स्वयंपाकघरातली मुख्य शेफ, सू शेफ ही उतरंड नीट बसवली, तो १८७०च्या युद्धात फ्रेंच सैन्याचा आचारी होता, आणि तरी त्याला आपल्या स्वयंपाकघरात आरडाओरडा खपत नसे. आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज नटापर्यंत पोचला पाहिजे, प्रेक्षकांपर्यंत नाही. सू शेफचं तसंच आहे.

भाषेचं म्हणाल तर हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉक्टरांना आधी माडिया शिकावी लागली. रोग्याला काय दुखतंय हेच कळेना. सू शेफने एवढं करावं असं मी म्हणत नाही. मीठ, पाणी, थांब, पुरे, भाजलं का, एवढे शब्द महिन्याभरात उचलले तरी चालेल. मुलाखतीत इंग्रजी तपासण्यात जो वेळ जातो तो यासाठी वापरा.

आणि चौकशीचा फोन जुन्या मालकाला करू नका. तो सांगतो, माणूस वेळेवर यायचा. फोन करायचा तो उमेदवाराच्या हाताखाली राबलेल्या कॉमीला, म्हणजे शिकाऊ आचाऱ्याला. मागे एका कॉमीनं सांगितलं, ‘डाळ करपली का ते मागच्या दाराशी नेऊन बोलत जी, सगळ्यांपुढे नाही.’ मालकांनी पगाराचा आकडा त्यानंतर काढला.