फसले ते परदेशी, म्हणून गप्प बसायचे?



इगतपुरीच्या बनावट कॉल सेंटरबाबत ‘फसले अमेरिका-कॅनडावाले, आपण कशाला खंत करायची?’ असे गेल्या अंकातील पत्रलेखक विचारतात. मला हे अजिबात पटले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इथल्या रिसॉर्टवर छापा घालून ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाइल जप्त केले. ॲमेझॉनचे मदत केंद्र असल्याचे भासवून तिथून परदेशी माणसांना लुटले जात होते. पर्यटकांनी धुके पाहायला यावे असे हे आमचे गाव!

पत्रलेखकांनी पुण्याची कॉसमॉस बँक आठवावी. ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात तिचे ९४ कोटी गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. तेव्हा हाँगकाँगला गेलेल्या पैशांपैकी काही रक्कम परत मिळाली, कारण तिथल्या यंत्रणेने ‘फसले ते भारतीय’ असे म्हटले नाही.

तक्रारदार तिकडे, आरोपी इकडे, पैसा क्रिप्टोत. एकट्या पोलीस ठाण्याच्या हाती काय लागणार? सायबर गुन्ह्यांवरील २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नवा करार संमत केला आहे. त्याबाबत भारताची भूमिका काय, हे आपल्या खासदारांना विचारायला हवे.

— एक वाचक, इगतपुरी