इराणी चहा इराणमधला नाहीच!

मंडळी, एक गंमत सांगते. तेहरानमध्ये जाऊन चहा मागितलात, तर समोर येतो बिनदुधाचा कोरा चहा आणि सोबत साखरेचे खडे. आपला तो दाट, दुधाळ, गोडमिट्ट ‘इराणी’ तिकडचा नाहीच. तो अस्सल मुंबई-पुण्याचा!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द, केरमान या भागांतले झरतुष्ट्री इराणी मुंबईत येऊ लागले. तिकडे गरिबी होती, धर्मावरून छळही होता. पाठोपाठ काही मुस्लिम इराणीही आले. त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेलं टाकली. धोबी तलावाची कयानी 1904 सालची, पुण्यातलं गुडलक 1935 चं. पाव पोर्तुगीजांमुळे इथे रुळलेला, दूध इथलं, नाव मात्र त्यांचं. बोला, यात कोण कोणात मिसळलं?

मला विचाराल तर खरी कमाल चहाची नाही, टेबलाची. जात पाहून पंगत मांडणाऱ्या खाणावळींच्या त्या काळात इराण्याकडे साधा हिशोब होता: खुर्ची रिकामी दिसली की बसायचं. गिरणीतला कामगार, कोर्टातला कारकून, कॉलेजातला पोरगा, सगळे एकाच संगमरवरी टेबलाला. एका चहावर तासभर पेपर वाचा, शेजारच्याशी वाद घाला. गल्ल्यावरचा इराणीही हळूहळू गिऱ्हाइकांची भाषा बोलू लागला आणि आपलाच झाला.

आणि आपण? लॅपटॉप उघडून, कानात हेडफोन खुपसून चार माणसांचं टेबल एकटे अडवतो. नाहीतर सरळ ॲपवरून मागवतो. आज आपल्या शहरात नेपाळचे, मणिपूरचे, नागालँडचे लोक छोटी छोटी रेस्टॉरंट्स चालवतात. त्यांचे मोमोज आपल्याला प्रचंड आवडतात. पण ते बनवणारा कुठल्या गावचा, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? शिवाय त्याच माणसाला भाड्याने घर द्यायची वेळ आली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये शंभर शंका निघतात. चव चालते, शेजार नको. हे कसलं मिसळणं, बॉस?

म्हणून या शनिवारी पार्सल नको. तिथेच जाऊन बसा. काय खास आहे ते विचारा, गाव कुठलं तेही विचारा. आणि सगळी टेबलं भरलेली असतील तर? हेडफोन काढा आणि समोरच्याला सरळ म्हणा, “बसू का इथे?”