गिटारीचा कान

ज्या घरांत संगीत हा नित्याचा विषय आहे, त्या घरांत वाद्याची खरेदी ही एकट्यादुकट्याची गोष्ट राहत नाहीं. तंबोरा घ्यावयाचा झाल्यास वडील मंडळी मिरजेस जातात, भोपळ्यावर टिचकी मारून पाहतात, तारा छेडून घेतात, आणि मगच पैशांची गोष्ट निघते. अलीकडे कित्येक घरांत तंबोऱ्याच्या शेजारीं विजेची गिटार येऊन बसली आहे. तिच्यासंबंधीं मात्र ही वडीलकीची चौकशी बंद पडलेली दिसते. मुलगा येऊन म्हणतो, "हिचे पिकअप बदलावयाचे आहेत". आणि मोठीं माणसें एकतर "हें काय नवें खूळ" म्हणून मान फिरवितात, किंवा आपल्याला यांतलें कळत नाहीं असें समजून मुकाट्यानें पैसे काढून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे आहेत. ज्याला तंबोऱ्याची जवारी कळते त्याला पिकअपही कळूं शकतो, आणि त्याच्या कानाची घरांतील तरुणांस फार गरज आहे.

तंबोऱ्याशीं आपल्या सोलापूर जिल्ह्याचें नातें जुनें आहे. मिरजेच्या तंबोऱ्यांस व सतारींस लागणारे भोपळे मंगळवेढें-पंढरपुराकडील शेतांत पिकतात. शस्त्रें घडविणारे मिरजेचे शिकलगार एकोणिसाव्या शतकांत वाद्यांच्या कामाकडे वळले, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तेव्हां नाद कशांतून येतो, हा प्रश्न आपल्याकडील शेतकऱ्यालाही अपरिचित नाहीं. तंबोऱ्यांत तारेचें कंपन घोडीवरून तबलीस व भोपळ्यास मिळतें आणि त्या पोकळींत तें मोठें होतें. विजेच्या गिटारीस बहुधा पोकळ पोटच नसतें. भरीव लाकडाच्या त्या वाद्याजवळ स्वतःचा आवाज इतका थोडा असतो कीं शेजारच्या खोलींतही तो पोहोंचूं नये. तिचा भोपळा म्हणजे ध्वनिवर्धक, आणि त्या ध्वनिवर्धकास तारेची वार्ता पोहोंचविणारा कान म्हणजे पिकअप.

या कानाची रचना साधी आहे. लोहचुंबकाभोंवतीं केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे कित्येक हजार फेरे गुंडाळलेले असतात. वरची पोलादी तार हलली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलाच हा नियम. म्हणूनच तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार या कानास जवळजवळ ऐकूंच येणार नाहीं. पोलादी जोडीची तेवढी ऐकूं येईल.

हें वाद्य कांहीं कालपरवांचें नव्हे. १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज बीचम यानें मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या हवाइयन गिटारीसाठीं असा पिकअप तयार केला. पुढें आपल्याकडे व्हॅन शिप्ले व हझारा सिंग यांनीं चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारीवर वाजविल्या. त्यांच्या तबकड्या ज्या घरांत फिरल्या, त्या घरांतील आजोबांना हा नाद परका वाटण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. पिकअप बदलावा असें कां वाटतें? तक्रारी बहुधा तीन असतात: गिटार घरघरते, तिचा आवाज पातळ आहे, किंवा तो गढूळ आहे. यांपैकीं घरघरीचा विचार सर्वांआधीं करावा. कारण तिच्या मागें कधीं कधीं जिवाचा धोका दडलेला असतो.

एकेरी वेटोळ्याचा पिकअप, ज्यास वादक सिंगल कॉइल म्हणतात, तारेबरोबर घरांतील विजेचीही गुणगुण ऐकतो. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा नियामक, शेजारच्या यंत्रमागाची मोटार, गणेशोत्सवांतील मांडवाची रोषणाई, सारें कांहीं त्याच्या कानीं पडतें. यावर गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें तोड काढली. उलट दिशेनें जोडलेलीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवून त्यानें गुणगुण आपसांत छेदून टाकिली. १९५५ सालीं अर्ज करून १९५९ सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. हाच हंबकर. परंतु प्रत्येक घरघर हंबकरानें जात नाहीं, आणि हें पारखण्याची रीत अगदीं फुकट आहे. गिटार गळ्यांत घालून वादकानें सावकाश स्वतःभोंवतीं फिरावें. दिशा बदलतांच घरघर कमीअधिक होत असेल, तर ती चुंबकीय आहे, आणि हंबकराचा तेथें खरोखर उपयोग होईल. उलट, तारांना हात लावतांच ती कमी होत असेल, तर दोष बहुधा आवरणाचा आहे. गिटारीच्या पोकळींत तांब्याचा पत्रा नीट चिकटवून तो जोडून घेतल्यास पुष्कळ काम होतें.

तारांना हात लावल्यानें घरघर कमी होते याचा अर्थ असा कीं, त्या तारा ध्वनिवर्धकाच्या मार्गें जमिनीशीं जोडलेल्या आहेत. आतां आपल्या जुन्या वाड्यांतून पाहावें तर तीन टोकांच्या प्लगाचें एक टोक मोडून तो दोन भोंकांच्या खोबणींत बसविलेला आढळतो, किंवा तिसरें भोंक असूनही त्याची तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. अशा ठिकाणीं ध्वनिवर्धकांत बिघाड झाल्यास वीज थेट तारांत, आणि तारांतून वाजविणाऱ्याच्या बोटांत येऊं शकते. वादकाच्या ओठांजवळ मायक्रोफोन असल्यास धोका दुणावतो. म्हणून आमचें वडील मंडळींस आग्रहाचें सांगणें आहे कीं, पिकअपसाठीं एक रुपया काढण्यापूर्वीं घराचें अर्थिंग जाणत्या वीजकामगाराकडून तपासून घ्यावें, आणि ज्यास तो ईएलसीबी म्हणतो तें गळती ओळखून वीज तोडणारें उपकरण बसवून घ्यावें. घरांत गिटार नसली तरी तें हवेंच. गिटार असली तर त्यास विलंब लावूं नये.

राहिल्या दोन तक्रारी. तंबोरा बसका बोलूं लागला म्हणून कोणी भोपळा बदलीत नाहीं. आधीं सूत मागेंपुढें सरकवून पाहतात, मग घोडी घासून जवारी काढवून घेतात. हाच क्रम येथें लावावा. तारा गंजल्या असतील तर त्या बदलाव्या; निम्म्या गढूळपणाचें मूळ तेथेंच सांपडतें. नंतर पिकअपची उंची पाहावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असतां ती व पिकअप यांत साधारण २ ते ३ मिलीमीटर अंतर असावें. अंतर फार असेल तर आवाज दुबळा येतो. फार थोडें असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. बाजूचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवून प्रत्येक वेळीं ऐकावें. आवाज कमीअधिक करण्याचें जें बटण असतें त्याच्या पोटांतील रोधकही पाहावा. तो सिंगल कॉइलसाठीं बहुधा २५० किलोओहमचा व हंबकरासाठीं ५०० चा असतो, आणि मूल्य वाढलें कीं वरचे स्वर अधिक खुलतात. गढूळ हंबकरास २५० चा रोधक जोडलेला असल्यास दोष पिकअपचा नव्हे. या उपायांस खर्च थोडा, आणि कित्येकदां नव्या पिकअपची आवश्यकताच उरत नाहीं.

इतकें करूनही समाधान झालें नाहीं तर निवड करावी. मात्र ती नांवावरून करूं नये. १९७२ सालीं डिमार्झिओ यांचा जोरकस पिकअप बाजारांत आला, आणि तेव्हांपासून वादकाचा नाद विकत मिळतो असा एक समज रूढ झाला आहे. नाद विकत मिळत नाहीं. कान तेवढा मिळतो. त्यामुळें पहिला प्रश्न, वाजवावयाचें काय? भावगीतास वा भजनास स्वच्छ साथ करणाऱ्यास सिंगल कॉइलचा उघडा, ठसठशीत स्वर शोभतो. फाटलेल्या, गर्जणाऱ्या आवाजाची ज्यास आवड आहे, त्यानें हंबकर घ्यावा. कारण ध्वनिवर्धक आवाज जितका फाडतो, तितकी गुणगुणही मोठी करतो. दोहोंच्या मधला स्वर हवा असल्यास पी-९० नांवाचें रुंद एकेरी वेटोळें आहे. परंतु तें गुणगुणतें.

डब्यावर छापलेल्या किलोओहमच्या आंकड्यास भुलूं नये. तो आंकडा तार किती लांब व किती बारीक हें सांगतो, गोडवा सांगत नाहीं. फेरे वाढले कीं जोर वाढतो, पण वरचे स्वर झांकले जातात. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळलेल्या लोखंडाचा चुंबक. सेरामिकचा चुंबक स्वस्त. परंतु एक नेहमीं मधुर व दुसरा नेहमीं कर्कश, हें म्हणणें खरें नव्हे. वेटोळ्याची घडण पाहिल्यावांचून चुंबकाचा निवाडा करतां येत नाहीं.

मापही घ्यावें. घोडीजवळ पहिल्या व सहाव्या तारेंतील अंतर कांहीं गिटारींत सुमारें ५० मिलीमीटर असतें, कांहींत ५२-५३. पिकअपचे खिळे तारांखालीं यावेत असा जोड मागावा. घोडीकडील पिकअप व मानेकडील पिकअप यांची अदलाबदल करूं नये. घोडीजवळ तार थोडी हलते, म्हणून तेथील पिकअपवर फेरे बहुधा अधिक असतात. सिंगल कॉइलच्या जागेंत बसणारे हंबकरही मिळतात. तेव्हां त्यासाठीं लाकूड कोरूं नये. कोरलेलें लाकूड पुन्हां भरून येत नाहीं. दोन्ही पिकअप एकदम न घेतां आधीं घोडीकडील एकच घ्यावा, आणि जुना काढलेला जपून ठेवावा. डाख देण्याचें काम सवयीच्या हातानेंच व्हावें, आणि घोडीस जोडलेली जमिनीची तार पुन्हां जोडली गेली कीं नाहीं हें पाहिल्यावांचून गिटार हातीं घेऊं नये. एक गोष्ट आपल्या हवेसाठीं: वेटोळें मोकळें राहून शीळ घालूं नये म्हणून पिकअपांत मेण मुरविलेलें असतें. वैशाखांत सोलापुरीं पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींत उष्णता त्याहून पुष्कळ वाढते. तेथें गिटार ठेवूं नये.

शेवटीं परीक्षा कोणी करावी? आमची सूचना अशी. पिकअप बदलण्यापूर्वीं एक चाल, तोच ध्वनिवर्धक व तींच बटणें ठेवून, फोनवर मुद्रित करावी. बदलल्यावर तीच चाल त्याच रीतीनें पुन्हां मुद्रित करावी. कोणती कोणती हें न सांगतां दोन्ही घरांतील सर्वांस ऐकवाव्या. आजोबांस गिटारीचें नांवही येत नसेल, पण बेसूर व सुरेल यांत त्यांची चूक होणार नाहीं. आणि आईच्या कानास स्वराचा बसकेपणा मुलाच्या आधीं कळेल. मुलास यांतून दोन लाभ होतील. खर्च सार्थ झाला कीं नाहीं हें त्याला कळेल. आणि आपल्या खोलींतील हें परदेशी वाद्य घरच्यांनीं कान देऊन ऐकलें, हेंही त्याला कळेल. यांतील दुसरा लाभ कोणत्याही पिकअपनें मिळणारा नाहीं. तो देणें वडीलधाऱ्यांच्याच हातीं आहे.