विश्लेषण : पंधराव्या वर्षी काम करणे बेकायदा आहे का?

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. निकाल आणि अकरावीचे प्रवेश होईपर्यंत हातात मोकळे दिवस असतात. कुणाला मोबाइल घ्यायचा असतो, कुणाला क्लासची फी भरायची असते, कुणाच्या घरात खरोखरच गरज असते. मुले काम शोधायला निघतात आणि दुकानदार सांगतो, ‘अठरा पूर्ण झाल्यावर ये.’

पण कायद्यात अठराची सरसकट अट नाही.

मग वय किती हवे?

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ हा ‘किशोरवयीन’ गट. त्यांना खाणी, स्फोटके, ज्वलनशील पदार्थ आणि इतर धोकादायक कामांत बंदी आहे. बाकी काम चालते, मात्र अटी कडक आहेत. दिवसाला ६ तासांहून जास्त काम नाही, आणि त्यात विश्रांती व कामाची वाट पाहण्याचा वेळही धरायचा. सलग ३ तासांनंतर किमान एक तास सुट्टी. ओव्हरटाइम नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम अजिबात नाही.

खरी अडचण इथेच आहे. किराणा असो, मोबाइल शॉपी असो की वडापावची गाडी, धंद्याची वेळ सातनंतरचीच. त्यामुळे नियम पाळणारा दुकानदार मुलाला नाही म्हणतो आणि न पाळणारा गुपचूप ठेवतो. मालकाने रजिस्टरमध्ये किशोरवयीन कामगाराचे नाव, जन्मतारीख आणि कामाचे तास लिहिणे बंधनकारक आहे. गुपचूप ठेवलेल्या मुलाचे नाव कुठेच नसते. उद्या पैसे बुडाले, हात भाजला, तर तो तिथे कामाला होता हे सिद्ध कसे करणार?

‘येथे बालकामगार काम करत नाहीत’ ही पाटी अनेक दुकानांत दिसते. पंधरा-सोळाच्या मुलाला कोणते काम, किती वाजेपर्यंत करता येते, हे सांगणारी पाटी शोधून दाखवा. मनाई लोकांना पाठ आहे, हक्क नाहीत. याची जबाबदारी कामगार खात्याचीही आहे.

काका-मामांची सवलत

१४ खालच्या मुलाला शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करता येते. ‘घरचा’ म्हणजे आई-वडील, भावंडे, शिवाय काका, मामा, आत्या, मावशी यांचाही. २०१७ च्या नियमांनुसार ही मदत दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त नको. पण धाब्यावर कप विसळणारा मुलगा ‘भाचा’ आहे असे मालकाने सांगितले, तर ते तपासणार कोण? ही सवलत इतकी सैल ठेवायला नको होती.

डिलिव्हरीच्या कामाचा विचार मात्र सोडा. १८ खालच्या व्यक्तीचा करार कायद्याने ग्राह्य नाही. सोळाव्या वर्षी मिळणारे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचे असते. अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

कामाला जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी पहिल्याच दिवशी रजिस्टरमधली नोंद पाहावी. मालकाने मुलाची कमाई अडवून ठेवली, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि मूल स्वतःही त्यावर फोन करू शकते.